इकोचे बटण आणि पायाची सवय

आपल्या माणसांच्या दारात चारचाकी उभी राहू लागली, ही गेल्या काही वर्षांतली गोष्ट आहे. त्याआधीही आपल्यातले पुष्कळजण गाडीवर होते, पण ती गाडी दुसऱ्याची असे. कोणी एसटीवर चालक, कोणी ट्रकवर क्लीनर, कोणी साहेबाच्या मोटारीवर. आता नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे या भागात संध्याकाळी पाय मोकळे करायला निघाले, की आपल्या माणसांच्या घरापुढेही एखादी लहान गाडी कव्हर घालून उभी दिसते. बहुतेक जुनी घेतलेली, बहुतेक हप्त्यावर. ती पाहून बरे वाटते. पण गाडी घेणे एकदाचे होते, तिला पाजणे मात्र रोजचे असते. म्हणून आज या पानावर आम्ही गाडीतल्या एका बटणाविषयी लिहिणार आहोत. त्या बटणाला 'इको' म्हणतात आणि ते दाबले की पेट्रोल वाचते, असे विकणारा सांगतो. खरेच वाचते का, किती वाचते आणि कोणामुळे वाचते, हे आम्ही आमच्या घरी वहीत मांडून पाहिले आहे.

आधी आमच्याविषयी दोन शब्द सांगतो. आम्ही एसटीत चालक होतो. तीस वर्षे स्टिअरिंग धरले आणि निवृत्त झालो. आमच्या वेळी गाडीत असले बटण नव्हते, पण डिझेलचा हिशेब होता. दहा लिटरला गाडी किती किलोमीटर गेली, तो आकडा चालकाच्या नावापुढे लागत असे. लिटरला पाच किलोमीटरच्या आसपास पडले, म्हणजे चालकाचा पाय हलका, असे मानीत. गाडी एकच, मार्ग एकच, पण चालक बदलला की आकडा बदले. त्यामुळे डिझेल गाडी पीत नाही, चालकाचा पाय पितो, ही गोष्ट आमच्या डोक्यात तेव्हापासून पक्की बसलेली आहे.

आमच्या घरी आम्ही, मुलांची आई, मुलगा, सूनबाई आणि आठवीतली नात अशी पाच माणसे. मुलगा तळोजा एमआयडीसीत कामाला, त्याला पाळ्या असतात. गाडी घेतली ती मिरवायला नाही. मुलांच्या आईच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडले आहे. आठवड्यातून तीन दिवस तिला डायलिसिसला खारघरच्या बाजूला न्यावे लागते. चार तास ती मशीनला असते. तिथून उठल्यावर अंगात त्राण नसते, कधी प्रेशर खाली जाते, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा माणसाला बसच्या रांगेत कसे उभे करणार? रिक्षा करून पाहिल्या. खड्ड्यातून रिक्षा उडाली की तिच्या तोंडून आवाज निघत नसे, पण चेहरा सगळे सांगत असे. डायलिसिसचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून भागतो, एवढा आधार आहे. पण नेण्या-आणण्याचा आमचा खर्च घरातूनच होतो. शेवटी मुलाने ओळखीतल्या एकाकडून २०१७ सालची लहान पेट्रोल गाडी घेतली. कंपनीचे नाव सांगून आम्हाला कोणाची जाहिरात करायची नाही. गाडीला पाच गिअर आणि एक इकोचे बटण आहे, एवढे पुरे.

हे बटण आपल्याकडे तसे नवे नाही. २०१४ साली आलेल्या टाटांच्या झेस्ट गाडीत इको, सिटी आणि स्पोर्ट असे तीन प्रकार होते. २०१६ च्या टियागोत इको आणि सिटी होते. २०१७ ची नेक्सॉन, जी आपल्या पुण्याजवळ रांजणगावला बनते, तिच्यातही तीन प्रकार आले. टुरिस्टवाल्यांची आवडती इनोव्हा क्रिस्टा २०१६ साली आली, तिच्यात इको आणि पॉवर आहेत. म्हणजे आज जुनी गाडी घेणाऱ्यालाही हे बटण मिळू शकते. पण ते नेमके काय करते, हे विकणारा क्वचितच समजावून सांगतो.

पूर्वीच्या गाड्यांत रेसच्या पेडलला केबल असे. पाय दाबला की केबल ओढली जाई आणि तेवढी हवेची झडप उघडे. आताच्या गाड्यांत पेडलपाशी सेन्सर असतो. तुम्ही किती दाबले, हे तो गाडीतल्या छोट्या संगणकाला कळवतो आणि झडप किती उघडायची, हे संगणक ठरवतो. जितकी हवा आत जाईल, त्या प्रमाणात पेट्रोल सोडले जाते. इको लावले की संगणक हात आखडता घेतो. तुम्ही निम्मे पेडल दाबले तरी झडप निम्मी उघडत नाही, कमी उघडते. ऑटोमॅटिक गाडीत वरचा गिअर लवकर पडतो. काही गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसरही कमी चालतो. बाकी इंजिन तेच आणि पेट्रोलही तेच राहते.

आमच्या सूनबाईंनी हे ऐकून चांगला दाखला दिला. त्या म्हणाल्या, "बाबा, हे तेलाच्या भांड्यात मोठ्या पळीऐवजी लहान पळी ठेवण्यासारखं आहे." अगदी बरोबर. लहान पळीने एकदाच तेल घातले तर महिन्याला तेल वाचेल. पण भाजी कोरडी दिसते म्हणून त्याच पळीने तीनदा घातले, तर मोठ्या पळीपेक्षा जास्त तेल जाईल. इकोचे तसेच आहे. बटण फक्त पळी लहान करते. किती वेळा घालायचे, ते घालणाऱ्याच्या हातात राहते.

आता वहीतला हिशेब सांगतो. आमच्या गाडीचे महिन्याचे धावणे साधारण सहाशे किलोमीटर आहे. त्यातले निम्मे डायलिसिसच्या खेपांचे, बाकीचे बाजार, नातेवाईक आणि मुलाची एखादी रात्रपाळी. पेट्रोल नेहमी एकाच पंपावर भरायचे, नळी आपोआप बंद पडली की थांबायचे, वर एक थेंब घालायचा नाही आणि किलोमीटरचा आकडा तिथेच वहीत लिहायचा. पुढच्या वेळी पुन्हा तसेच भरले, की मधल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागायचे. गाडीच्या पडद्यावरही ॲव्हरेज दिसते, पण टाकी ते टाकी हिशेबावर आमचा जास्त भरवसा आहे. हा हिशेब आठवीतली नात करते आणि तिचा भागाकार त्यामुळे पक्का झाला आहे.

पहिले दोन महिने इको न लावता गाडी चालवली. ॲव्हरेज आले लिटरला १४.३ किलोमीटर. पुढचे दोन महिने तेच रस्ते, तीच माणसे, फक्त इको लावून. ॲव्हरेज आले १५.२. पेट्रोल लिटरला शंभर रुपये धरले, तर महिन्याला अडीचशे रुपयांच्या आसपास वाचले. वाईट नाही, पण फार मोठेही नाही.

मग आम्ही एक प्रयोग केला. इको लावलेलेच ठेवून प्रत्येकाला एकेक टाकी नेमून दिली. एक टाकी आमची, एक सूनबाईंची, एक मुलाची. आमचे ॲव्हरेज सोळाच्या थोडे वर आले, सूनबाईंचे सोळा आणि मुलाचे साडेतेरा. म्हणजे मुलाने इको लावून जे काढले, ते आधीच्या बिनइकोच्या आकड्यापेक्षाही खाली. तो म्हणाला, "बाबा, इकोवर गाडी ओढतच नाही, म्हणून जास्त दाबावं लागतं." झाले! लहान पळी तीनदा घालायची ती हीच. बटणाने झडप कमी उघडली आणि त्याने पाय जास्त दाबून ती पुन्हा उघडली.

सूनबाई गाडी शिकल्या त्याला दोनच वर्षे झाली आहेत. त्यांची गाडी पुढे लाल दिवा दिसला की लांबूनच हळू होते. मुलगा त्यांना चिडवायचा, "तू घाबरतेस." पण कळंबोलीच्या चौकात बघा. लोखंड बाजाराचे ट्रक, न्हावा-शेव्याच्या बंदराकडून येणारे ट्रेलर, पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या, सगळे तिथे एकत्र येते. तिथे रेस देऊन शंभर पावले पुढे जाऊन पुन्हा ब्रेक मारला, तर मिळते काय? गाडी वेगात आणायला पेट्रोल जाळले आणि तोच वेग ब्रेकमध्ये घासून उष्णता करून टाकला. ब्रेक दाबणे म्हणजे आधी जाळलेले पेट्रोल फेकून देणे. जो चालक पुढचा रस्ता वाचतो, त्याला ब्रेक कमी लागतो आणि ज्याला ब्रेक कमी लागतो, त्याचे पेट्रोल वाचते. एसटीत आमच्या वरिष्ठ चालकांनी आम्हाला हेच शिकवले होते: नजर पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यावर नको, तिच्याही पुढच्या रस्त्यावर हवी.

मुलाला हे आकडे दाखवले तेव्हा तो रागावला नाही. कारखान्यात त्याला उत्पादनाचे आकडे रोज पाहावे लागतात, त्यामुळे आकड्याशी भांडता येत नाही, हे तो जाणतो. त्यानंतर तिघांनी मिळून चार सवयी लावल्या. पहिली, थांबलेल्या गाडीला उचलताना घाई नाही आणि वरचा गिअर लवकर टाकायचा. दुसरी, लांबून पाय काढायचा. तिसरी, सिग्नल लांबलचक असेल आणि पुढची रांग हलण्याचे चिन्ह नसेल, तर इंजिन बंद. लहान गाडीचे इंजिनही उभ्या-उभ्या तासाला साधारण अर्धा लिटर आणि एसी चालू असेल तर त्याहून जास्त पेट्रोल पिते. चौथी, दर पंधरा दिवसांनी चाकातली हवा थंड गाडीत बघायची. हवा कमी असली की टायर रस्त्याला चिकटून चालतो आणि इंजिनाला उगाच जोर लागतो. तीन महिन्यांनी ॲव्हरेज आले १६.८. इकोच्या बटणाने अडीचशे रुपये दिले होते, या चार सवयींनी त्यावर पावणेचारशे दिले. एकूण महिन्याला सहाशे पंचवीस रुपये वाचतात. बटणाचा वाटा कमी आणि पायाचा जास्त, हे वहीने आम्हाला स्पष्ट दाखवले.

पण या हिशेबात एक वेगळीच गोष्ट झाली, ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

वही आमच्या घरी टीव्हीशेजारी ठेवलेली असते. मुलांच्या आईला दुपारी झोप लागत नाही, तेव्हा ती काहीबाही वाचत बसते. एक दिवस तिने ती वही वाचली. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये. त्यात आठवड्याला तीन वेळा 'खारघर' लिहिलेले. दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "एसी नको. पेट्रोल जळतंय." मे महिन्याचे दिवस, दुपारची वेळ. आम्ही म्हणालो, राहू दे. ती म्हणाली, "इको लावलंय ना? मग एसी कशाला?" पुढच्या आठवड्यात तिने सूनबाईंना सांगितले की शनिवारची खेप रिक्षाने करू, तेवढेच वाचेल. आमच्या लक्षात आले, ती वहीत स्वतःला मोजत होती. घरातल्या आजारी माणसाला आपण खर्च आहोत असे वाटू लागणे, यासारखा दुसरा आजार नाही. आणि आपल्या घरांतल्या बायकांना ही सवय फार जुनी आहे. आधी सगळ्यांना वाढायचे, मग उरेल ते आपण खायचे. औषधाच्या बाबतीतही त्या तेच करतात.

त्या रात्री जेवताना आम्ही घरात एक नियम केला. आईच्या खेपांना एसी लागेल तेवढा चालेल आणि तो वहीत धरायचा नाही. आमच्या गाडीत इको लावले की थंडावा जरा मंदच येतो. म्हणून उन्हाळ्यात ती गाडीत असताना इको बंद ठेवायचे, मात्र पाय तसाच हलका ठेवायचा. नातीने वहीत नवे पान केले आणि वर लिहिले, 'आजीच्या खेपा – हिशेब नाही'. मुलांच्या आईने ते पाहिले आणि काही बोलली नाही. पण शनिवारच्या रिक्षाचा विषय पुन्हा काढला नाही.

गंमत अशी, की त्या खेपांतही पेट्रोल वाचतेच. डायलिसिसहून परतताना तिला झटका सोसत नाही. एकदम ब्रेक मारला की मळमळते, एकदम गाडी उचलली की चक्कर येते. म्हणून तिला घेऊन येताना तिघेही गाडी अशी चालवतो, की मागे झोपलेले माणूस जागे होऊ नये. पेट्रोल वाचवण्याची रीतही हीच आहे. हळू उचलणे, लांबून थांबणे, एकाच वेगाने जाणे. मुलाने एकदा आपण होऊन सांगितले, "बाबा, आई मागे असली की माझं ॲव्हरेज चांगलं येतं." जे त्याला बटणाने आणि आमच्या सांगण्याने शिकवले नाही, ते आईने मागच्या सीटवर झोपून शिकवले. आता ती गाडीत नसली तरी तो तसाच चालवतो.

इको कुठे लावू नये, हेही सांगणे जरुरीचे आहे. कारण इथे पैशांचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. मार्च महिन्यात आम्ही घरची पाच माणसे महाडला चवदार तळ्यावर जाऊन आलो. २० मार्चच्या गर्दीत मुलांच्या आईला नेणे जमत नाही, म्हणून चार दिवस आधी, डायलिसिस नसलेल्या दिवशी गेलो. १९२७ साली त्या तळ्याच्या पाण्यासाठी आपली माणसे खेड्यापाड्यांतून चालत आली होती. आपण गाडीने जातो, हे नातीला सांगायचे होते. पनवेलपासून निघणारा हा रस्ता पुढे कन्याकुमारीपर्यंत जातो. महाड आपल्यापासून सुमारे सव्वाशे किलोमीटर. पळस्पे सोडले, कर्नाळ्याची खिंड आली, तिथून पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव. भरलेली गाडी खिंडीत चढताना इको असले की ती ओढत नाही, मग आपण पेडल तळाला नेतो आणि बचत कसलीच होत नाही. चढावर इको काढावे, खालचा गिअर टाकावा आणि गाडी आरामात चढू द्यावी.

ओव्हरटेकचेही तसेच. समोरून गाडी येत असताना ट्रेलरला मागे टाकायचे असेल, तर पाय दाबल्याबरोबर गाडीने पुढे गेले पाहिजे. इकोवर तिला उठायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ रस्ता देईलच असे नाही. म्हणून अशा रस्त्यावर आम्ही इको काढूनच चालवतो. शक्यतो ओव्हरटेक करायचाच नाही, हा आमचा एसटीतला नियम तर आहेच. साठ-सत्तरच्या एका वेगाने गेलो आणि महाडला जाऊन-येऊन लिटरला एकोणीस पडले. मोकळ्या रस्त्यावर पाय स्थिर असला, की इको लावले काय, न लावले काय, आमच्या गाडीत फरक नावापुरता पडतो. वेग मात्र पेट्रोल खातो. ८० चा वेग १०० केला की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. तेलटंचाईच्या काळात, १९७४ साली, अमेरिकेसारख्या श्रीमंत देशानेही सगळीकडे ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा घातली होती. ती बरीच वर्षे चालली आणि १९९५ साली उठली. आपल्याकडे १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम संरक्षण अनुसंधान संस्थाही वर्षानुवर्षे सांगत आली आहे की ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग मोटारीला सर्वात स्वस्त पडतो.

खोपोलीहून बोरघाट चढताना आणि उतरताना आणखी एक गैरसमज दिसतो. उतारावर पुष्कळ मुले गाडी न्यूट्रल करतात आणि पेट्रोल वाचले म्हणून खूश होतात. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत उलटे आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून रेसवरचा पाय काढला, की संगणक पेट्रोल जवळपास बंदच करतो, कारण चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केले की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल सोडावे लागते. म्हणजे न्यूट्रलने पेट्रोलही जाते आणि इंजिनाची पकड सुटून सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की लागत नाहीत. घाटात किती गाड्या अशा दरीच्या तोंडाशी गेल्या, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ज्या गिअरमध्ये चढायचे, त्याच गिअरमध्ये उतरायचे, हे जुने वचन आजही खरे आहे.

हल्ली कोणी म्हणतात, इको लावूनही पूर्वीसारखे ॲव्हरेज येत नाही. त्याचे एक कारण पेट्रोलमध्येही आहे. २०२५ पासून पंपावर सर्रास २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल म्हणजे ऊस, मका आणि तांदळापासून काढलेला अल्कोहोल. त्याच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडे खाली येणारच. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शंभरातले पंच्याऐंशीहून जास्त परदेशातून येते, तेव्हा असा मार्ग सरकारने काढला. पण वहीतला आकडा किंचित उतरला म्हणून घरात एकमेकांच्या पायाला दोष देऊ नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

आता थोडे त्या मुलांविषयी, जी दुसऱ्याच्या गाडीवर आहेत. नवी मुंबईचे विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन होऊन डिसेंबरात सुरू झाले. आपल्या भागातली पुष्कळ मुले टुरिस्ट गाडीवर जात आहेत. काही मालक गाडीचे ॲव्हरेज ठरवून देतात आणि त्याखाली गेले की फरक पगारातून कापतात. मग मुलगा इको लावतो, एसी मंद ठेवतो, गिऱ्हाईक तक्रार करते. पार्किंगमध्ये वाट पाहताना एसी बंद करून हाच घामाने निथळत बसतो. बचत मालकाची आणि घाम आपल्या मुलाचा, असे होऊ नये. त्या मुलांना आमचे सांगणे एवढेच, की तुम्हीही वही ठेवा. कोणत्या दिवशी किती माणसे होती, घाट होता की सपाट, एसी किती तास चालला, किती तास उभे राहिलात, हे रोज लिहा. मालकाने ठरवलेले ॲव्हरेज कोणत्या हिशेबाने ठरवले, हे नम्रपणे पण स्पष्ट विचारा. आकडा ज्याच्या हातात असतो, त्याचे म्हणणे ऐकले जाते. लिहून ठेवणाऱ्याला सहज फसवता येत नाही.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे, त्यांनी गावात, गर्दीत, सपाट रस्त्यावर इको जरूर लावावे. पाय उतावळा असेल तर ते त्याला आवरते. चढावर, ओव्हरटेकला आणि आजारी माणूस उकाड्यात बसले असेल तेव्हा ते काढावे. काही गाड्यांत इंजिन बंद केले की इको आपोआप निघते, तेव्हा दर वेळी पाहून घ्यावे. आणि महिनाभर टाकी ते टाकी हिशेब करावा. मुलांकडून करून घ्यावा, म्हणजे त्यांनाही घराचा खर्च कळतो. नवीन पाय शिकत असेल, विशेषतः घरातल्या मुली-सुना, तर त्यांना घाई करू नये. सावकाश शिकलेला पाय जन्मभर पेट्रोल वाचवतो.

आमच्या घरी वाचलेले सहाशे पंचवीस रुपये कुठे जातात, असे कोणी विचारील. त्यातून गॅसच्या सिलिंडरचा मोठा भाग निघतो. गेल्या महिन्यापासून मात्र मुलांच्या आईने त्यातले शंभर रुपये वेगळे काढायला सांगितले आहेत. मशीनवर तिच्या शेजारच्या खाटेला पेणच्या बाजूची एक बाई असते, ती दोन बस बदलून येते. परतीच्या वाटेवर तिला पनवेलच्या स्टँडपर्यंत गाडीतून सोडायचे आणि चहा-बिस्कीट द्यायचे, असे तिने ठरवले आहे. आता गाडीत मागे दोघी बसतात आणि सूनबाई गाडी आणखीनच हळू उचलतात.